रविवारचा बिघाड

लॅपटॉप टेबलाला बांधून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या मावशीचा नवरा होता. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांच्या साताऱ्याच्या घरात सगळंच बांधलेलं असे. कपाटं लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला आवळलेली, फ्रीजला मागून साखळी, भांड्यांच्या मांडणीला पुढून आडवी काठी. देव्हाऱ्यातले देवसुद्धा खालून मेण लावून चिकटवलेले होते, त्यामुळे मावशीला देवांना आंघोळ घालायची म्हणजे आधी उलथनं शोधावं लागे. काकांची सगळी नोकरी कोयनानगरला वीजगृहात झाली होती. भूकंपाची ती पहाट त्यांनी बायको आणि तान्ह्या मुलासकट उघड्यावर कुडकुडत काढली होती. तेवढं समजण्यासारखं होतं. पण त्याला तीस वर्षं होत आली, साताऱ्यात घर बांधून झालं, निवृत्ती झाली, तरी पाहुण्याने पाण्याचा पेला टेबलाच्या कडेला ठेवला की काका बोलता बोलता तो दोन बोटांनी आत सरकवत. पाहुणा पुन्हा कडेला ठेवी. हे पुन्हा आत सरकवत. शेवटी पाहुणाच उठे.

पाहुणे तसे फारसे येतही नसत.

दुसरं वेड दुरुस्तीचं. घरात नवी वस्तू आणायची नाही, जुनी टाकायची नाही. "टाकून द्यायला अक्कल लागत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मावशीच्या मिक्सरचं बटण कधीतरी तुटलं होतं. काकांनी त्या जागी पितळेचा खटका बसवला. तो लाकडी पळीने दाबायचा, हाताने दाबला की झिणझिण्या येत. मावशीने उभा संसार पळीने मिक्सर चालवला. एकदा माझ्यादेखत ती म्हणाली, "अहो, शेजारणीने नवा घेतलाय, तीन भांड्यांचा." काका उठून शेजारी गेले, तो मिक्सर उलटापालटा करून बघून आले आणि इतक्या आनंदाने म्हणाले, "दोन वर्षं टिकला तर खूप झालं!" त्या आनंदाचा मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो.

माणसांशी ते बोलत नसत. म्हणजे घरात धुसफूस, अबोला असलं काही नव्हतं. त्यांना बोलण्यासारखं काही वाटतच नसे. तुम्ही धडधाकट त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिलात तर "बरं" एवढंच म्हणायचे. पण तुमचं घड्याळ बंद पडलेलं असलं तर? तर ते तुम्हाला शेजारी बसवून घेत, चष्मा पुसत, दिवा जवळ ओढत आणि दुसरं कुणी कधी ऐकलं नसेल अशा मऊ आवाजात विचारत, "कधीपासून होतंय असं? पडलं होतं का? खरं सांग, मी रागावणार नाही." तो आवाज आपल्यासाठी नाही, घड्याळासाठी आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

मावशीच्या एकुलत्या एका मुलाला, माझ्या मावसभावाला, आम्ही सगळे दादा म्हणत असू. बारावीला तो कॉलेजात पहिला आला तेव्हा मी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथेच होते. दादा धावत आला, पेढ्यांचा पुडा पुढे केला. काका स्टुलावर चढून पंखा उघडत होते. त्यांनी वरूनच अर्धा पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "बरं. ती वायर धर जरा." मग तासभर दादा वायर आणि बॅटरी धरून उभा. "बॅटरी हलवू नको! कुठं बघतोयस? सांगितलं तेवढंच कर ना!" पेढे मावशीने आणि मी खाल्ले.

त्यामुळे दादा अमेरिकेला गेला आणि तिथलाच झाला, याचं मला कधी नवल वाटलं नाही. दिवाळीला आणि मावशीच्या वाढदिवसाला त्याचा फोन यायचा. मावशी बोलायची, मग काकांच्या हातात रिसीव्हर द्यायची. काका म्हणायचे, "बरं आहे ना? ठेवतो, बिल वाढतंय." बिल दादाचं वाढत होतं. पण ते वाक्य म्हटलं की काकांना सुटल्यासारखं वाटत असावं.

एका डिसेंबरात दादा आला तो स्वतःचा जुना लॅपटॉप घेऊन. त्याला ऑफिसने नवा दिला होता, म्हणून हा बापाला. काळा, जाडजूड, मावशीच्या पाट्याएवढा जड. साताऱ्यात तेव्हा साधा संगणक ज्यांच्या घरी असेल अशी माणसं बोटांवर मोजता आली असती, मग लॅपटॉपचं काय विचारता! गल्लीतली मंडळी बघायला येऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काकांनी त्याच्याखाली लोकरीचा जाड नमदा चिकटवला होता आणि जुन्या होल्डॉलचा चामडी पट्टा बकलासकट वरून आवळून तो टेबलाशी बांधला होता. दादा हसला. "बाबा, हा मांडीवर घ्यायचा असतो!"

"मांडीवर पोरं घेतात," काका म्हणाले.

"कुणाची घेतली होती?" मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली. त्या घरात असले टोमणे क्वचितच ऐकू यायचे, आणि आले तरी काका ते ऐकत नसत.

लॅपटॉपवर काका काय करत? घरातल्या यंत्रांच्या तब्येती लिहीत. पाण्याच्या मोटरीला तेल कधी घातलं, इस्त्रीची वायर कधी बदलली, एका बोटाने, इंग्रजीत, साहेबाला अहवाल पाठवावा तसं. मावशीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन डॉक्टरांनी दोनदा सांगून ठेवलं होतं, त्याची मात्र कुठे नोंद नव्हती.

उन्हाळा लागला आणि लॅपटॉप बंद पडू लागला. चालता चालता पडदा काळा, संपलं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू. काकांनी मावशीला दादाला फोन करायला सांगितलं नाही. त्यांच्या फोनवरून परदेशी फोन लागतही नसे, ती सोय त्यांनी कधी घेतलीच नव्हती. त्यांनी चक्क अमेरिकेला पत्र टाकलं. पत्र मिळाल्यावर दादाचा फोन आला, रविवारी सकाळी. मावशीने सांगितलेलं मला अजून आठवतं. ती म्हणाली, "अगं, अर्धा तास बोलत होते दोघं. अर्धा तास! मी पोहे केले, गार झाले, परत गरम केले."

मग दर रविवारी फोन. या आठवड्यात हे करून बघा, ते झालं का सांगा. मी एकदा तिथे होते तेव्हा स्वतः पाहिलं. काका आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, फोनजवळ खुर्ची ओढून साडेसातलाच बसले होते. फोन वाजला, त्यांनी उचलला आणि तो मऊ आवाज! "हं, बोल. हो, केलं. नाही, मग पुन्हा काळा झाला." पलीकडून दादा इतक्या मोठ्याने खेकसत होता की मला दाराशी ऐकू येत होतं. "अहो बाबा, सांगितलं तेवढंच करा ना! ते दुसरं बटण कशाला दाबलंत?" मला वाटलं आता काका रिसीव्हर आपटणार. आयुष्यात कुणी त्यांच्याशी असं बोललं नव्हतं. पण काका हसत होते. शाळेतल्या पोराने मास्तरांची बोलणी खाताना हसावं तसं, ओठ दाबून.

"हे यंत्र असंच आजारी राहू दे गं बाई," मावशी मला आत घेऊन हळूच म्हणाली. "निदान त्याचा आवाज तरी घरात येतो."

मी तेव्हा सांगलीला बँकेत नोकरीला होते. आमच्या शाखेत नुकताच संगणक आला होता, त्याला हळदीकुंकू वाहून, नारळ फोडून झाला होता, आणि मी त्याच्यावर खाती उतरवत होते. एवढ्यावर सगळ्या नातेवाइकांत मी तज्ज्ञ ठरले. दादाने मला बँकेत फोन केला. "तू एकदा तो लॅपटॉप बघ आणि मला सरळ सांग. दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? दर रविवारी माझा अर्धा तास जातो गं."

जातो. मी तो शब्द गिळला आणि पुढच्या शनिवारी साताऱ्याची गाडी पकडली.

लॅपटॉप सांगलीला न्यायला काका सहजी तयार झाले नाहीत. "इथंच काय ते बघ," म्हणाले. मी हट्टच धरला तेव्हा स्वतः बकल सोडलं, उशीच्या अभ्र्यात गुंडाळला, आणि स्टँडवर सोडायला आले तेव्हा कंडक्टरला म्हणाले, "यांना पुढची सीट द्या, मागं दणके बसतात." माझ्यासाठी नव्हे हे वेगळं सांगायला नको.

सांगलीला बँकेच्या मागच्या गल्लीत एकजण टीव्ही दुरुस्त करता करता संगणकही उघडायला लागला होता. त्याच्याकडे दिला. आठवड्याने गेले तर तो काउंटरवर गाणी वाजवत होता, त्याच लॅपटॉपवर.

"ताई, ह्याला कायबी झाल्यालं न्हाई बगा. सकाळधरनं चालू हाय."

"एकदाही बंद पडला नाही?"

"आवं, मीच बंद करतुय रातीला घरी जाताना! तुमच्या काकांच्याकडं लाईट कमीजास्त हुती का इचारा एकदा."

मी परत नेऊन दिला. काकांनी लगेच नमद्यावर ठेवून पट्टा आवळला आणि म्हणाले, "सांगलीची हवा मानवते त्याला." पुढच्या रविवारी मावशीचा फोन: पुन्हा काळा पडला. दादा वैतागला. "म्हणजे तुमचा मेकॅनिक पण गाढव. मी नवा घेतो."

मला राहवेना. मी न कळवता साताऱ्याला गेले. दुपारची वेळ, ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. दार उघडंच होतं. मावशी झोपली होती. काका टेबलाशी बसलेले. लॅपटॉप चालू होता, खाली तो जाड नमदा, आणि वर, मागून नि दोन्ही बाजूंनी, मावशीने पडद्याच्या उरलेल्या कापडातून शिवलेली अस्तराची खोळ, घट्ट चढवलेली. फक्त पडदा आणि बटणं उघडी. गरम हवा बाहेर पडायला एक फट राहिली नव्हती. मी हात लावला तर चटका बसला.

आमच्याकडे टीव्हीला, मिक्सरला, टेलिफोनलासुद्धा खोळ असते. वस्तू वापरून झाली की घालायची. चालू वस्तूला कुणी घालत नाही.

"काका, तुम्ही हा गुदमरवताय," मी म्हटलं. "म्हणून बंद पडतोय. ही खोळ काढा, नमदा काढा, काही होणार नाही याला. सांगलीला म्हणूनच चालत होता."

ते एकदम तडकले. "मला शिकवतेस? बेअरिंगं थंड ठेवण्यात जन्म गेला माझा. यंत्र कशाने तापतं ते मला तू सांगणार?"

आणि मग त्यांनाच कळलं आपण काय बोललो ते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पंखा कुरकुरत होता. पडदा तेवढ्यात काळा झाला, रोजच्या वेळेला गाडी यावी तसा.

"त्याला सांगितलंस का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही."

"मग नको सांगू."

या माणसाने माझ्या मावशीला पळीने मिक्सर चालवायला लावला, पोराच्या पेढ्यावर "बरं" म्हटलं, आणि आता पोराचा आवाज ऐकण्यासाठी एक चांगलं यंत्र रोज थोडं थोडं मारत होता. त्यांना गदागदा हलवून विचारावंसं वाटलं, की अहो, रिसीव्हर उचलून "तुझी आठवण येते" म्हणायला काय धाड भरली होती? मावशीला उठवलं, चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले.

पण दादाला मी सांगितलं. सगळं सांगितलं, खोळीसकट. माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्याला कळायला हवं होतं. मला वाटलं होतं, तो लगेच साताऱ्याला फोन लावतो म्हणेल. तो हसला. बापासारखंच, ओठ दाबून हसला असणार.

"म्हणजे मी दर रविवारी मूर्खासारखा मॅन्युअल वाचत होतो."

"दादा, त्यांना तुझ्याशी बोलायचं असतं रे."

"मग बोलावं की. मी कधी नाही म्हटलंय? तिशीला आलो, अजून मीच ओळखायचं का, बाबांच्या मनात काय आहे ते? त्यांना एकदा, एकदा काही न बिघडता मला फोन करू दे. मग बघू."

हे त्याचं खोटं होतं असंही मला म्हणता येईना. बॅटरी धरून उभा राहिलेला तो मुलगा मी पाहिला होता.

त्याने नवा संगणक घ्यायचा हे ठरवलंच होतं. साताऱ्याच्या एका दुकानदाराला परस्पर ऑर्डर दिली. तो दुकानदार, चांगला पोक्त माणूस, टेंपोतून खोकी घेऊन आला. मला दादाने हजर राहायला सांगितलं होतं, म्हणून मी गेले होते. टेबलावर मोठा पडदा, खाली डबा, सगळं जोडून झालं. दुकानदाराने एक कार्ड काकांच्या हातात ठेवलं. "साहेब, वर्षाचं कंत्राट केलंय तुमच्या चिरंजीवांनी. काय बी झालं तर ह्या नंबरला फोन करायचा. आमी लगेच येतो. अमेरिकेला विचारायचं कामच न्हाई आता!"

काकांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मग दुकानदार म्हणाला, जुना लॅपटॉप बदल्यात न्यायचा ठरलाय, तेवढा द्या. मला हे माहीत नव्हतं. मावशीला तर नव्हतंच. ती म्हणाली, "राहू दे की इथंच, कुठं खायला मागतोय?" दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. काकांनीच बकल सोडलं. पट्टा गच्च बसला होता, त्यांच्या हाताला निघेना. मी पुढे झाले तर म्हणाले, "तू राहू दे." बराच वेळ लागला. मग त्यांनी लॅपटॉप दुकानदाराला दिला. अभ्र्यात गुंडाळला नाही, दणक्यांचं काही बोलले नाहीत. नवा संगणक त्यांनी बांधलाही नाही.

नवा संगणक बिघडला नाही. दुकानदार आपला नेमाने येऊन धूळ झटकून, चहा पिऊन जायचा. रविवारी काका आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून फोनजवळ बसत. मावशी म्हणायची, "येईल हो." दुपार झाली की ते सदरा बदलत. गणपती झाले, पावसाळा संपला. दादाचा फोन आला नाही. मी त्याला एकदा सांगलीहून फोन केला तर म्हणाला, "मी वाट बघतोय. त्यांना नंबर माहीत आहे."

दसऱ्याच्या सुमाराला मी साताऱ्याला गेले होते. रविवार होता. काका दाराशी येऊन मला म्हणाले, "चल जरा कोपऱ्यापर्यंत." कोपऱ्यावर एसटीडीचं बूथ होतं. बूथवाल्याने त्यांना ओळखलं. "काय साहेब, आज हिकडं? घरचा फोन बंद हाय काय?"

"परदेशी लावायचाय," काका म्हणाले. नंबर त्यांना पाठ होता.

काचेच्या त्या खोक्यात आम्ही दोघं दाटीवाटीने उभे राहिलो. नंबर लागायला वेळ लागत होता. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले, खोटं कशाला सांगू. वाटलं, आता बोलतील. एवढं चालत आलेत, आता बोलतीलच.

"लागला बगा साहेब," बूथवाला बाहेरून ओरडला. "बोला!"

"हॅलो," काका म्हणाले.

इतकी चिकटून उभी होते की दादाचं मला सगळं ऐकू आलं. "बाबा? तुम्ही? काय झालं? काय बिघडलं?" त्याच्या आवाजात काळजी होती. रागसुद्धा नव्हता.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा तो मऊ आवाज येईल म्हणून मी श्वास रोखून धरला होता. त्यांचे ओठ हलले. दोनदा हलले.

"काही नाही," ते म्हणाले. "सगळं व्यवस्थित चालू आहे."

"मग?"

समोर मीटरचे लाल आकडे पळत होते. काका त्यांच्याकडे बघत राहिले. पलीकडे दादा वाट बघत होता, हे मला इथे साताऱ्यात उभं राहून कळत होतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते कळत नव्हतं.

"मग काही नाही. ठेवतो. बिल वाढतंय."

"बाबा, थांबा, अहो—" एवढं मी ऐकलं. काकांनी रिसीव्हर नीट जागेवर ठेवला, वायरीचा पीळ सोडवला, आणि बूथवाल्याला म्हणाले, "तुमच्या याची वायर सैल झालीये. घट्ट करून घ्या."

घरी मावशी दारातच उभी होती. कुणी सांगितलं होतं कोण जाणे, पण आम्ही कुठे गेलो होतो हे तिला कळलं होतं. "लागला का? काय म्हणाला?"

काकांनी चपला काढून भिंतीशी सरळ लावल्या. "काय बिघडलंय, विचारत होता."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काही नाही म्हटलं. सगळं व्यवस्थित आहे म्हटलं."

माझ्या उभ्या आयुष्यात मी मावशीला आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. दाराची चौकट धरून, दुखऱ्या गुडघ्यांवर कशीबशी उभी राहून ती ओरडली, "बिघडलंय म्हणायचं होतंत! अहो, बिघडलंय म्हणायचं होतंत ना! त्यात काय खोटं होतं?"